पाड त्याले

खैरटोल्याच्या मंडईत त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पुष्पांजली कापगतेने आपल्या पुतण्याला मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेल्या थैलीतून लोखंडी रॉड काढताना पाहिलं. शॉकअपचा जुना रॉड, हातभर लांब. शुभमने तो पँटीत मागच्या बाजूने खोचला, वरून शर्ट ओढला, मान वळवली तर समोर काकू.

"गाडीचं सामान होय, काकू," तो म्हणाला.

पुष्पांजली गावची पोलीस पाटील होती. मंडईत कोणाच्या हातात काय आहे हे बघणं हेच तिचं त्या दिवसाचं काम. पण शुभम देवचंदचा मुलगा, आणि देवचंद तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. गावचा तलाव ज्यांच्या आज्या-पणज्यांनी बांधला त्या घराचा कर्ता, धान खरेदीच्या सोसायटीचा अध्यक्ष. बावीस वर्षांत तो तिच्याशी थेट एक शब्द बोलला नव्हता. काही सांगायचं असलं की तिच्या नवऱ्याला, इंद्रकुमारला, हाक मारायचा आणि ती समोर उभी असली तरी म्हणायचा, "सांग तुझ्या बायकोले." अशा घरच्या पोराला चारचौघांत अडवायचं, त्याचा शर्ट वर करायला लावायचा, हे तिच्या जिवावर आलं. रात्री सुभद्राबाईच्या, म्हणजे जावेच्या कानावर घालू, असं तिनं मनाशी ठरवलं आणि ती जिलेबीच्या दुकानाकडे वळली.

तेव्हा डीजेवर देवीचं गाणं चालू होतं. पुढं अनेकांनी अनेक वेळा विचारलं म्हणून हे तिला पक्कं आठवत राहिलं.

भाऊबीजेनंतर त्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई येतात, दुपारी मृदंगाच्या साथीने दंडारीचं लोकनाट्य होतं, आकाशपाळणे फिरतात, रात्री नाटक. यंदा पोट्ट्यांनी तलावाच्या पाळीवर पिकअप उभी करून तिच्यावर माणसाच्या दीडपट उंच स्पीकरचे डबे चढवले होते. पाच वाजेपर्यंतची परवानगी पुष्पांजलीनेच ठाण्यातून आणून दिली होती.

साडेतीनच्या आसपास डीजेवाल्याने गावचंच गाणं लावलं. संघदीप शहारेचं. हा वीस वर्षांचा मुलगा सौंदडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. गेल्या उन्हाळ्यात त्याने फोनवरच ठेका जुळवून गावच्या कबड्डीच्या संघासाठी ते गाणं केलं होतं. आपल्या बोलीत असल्यामुळे ते चार तालुक्यांत पोचलं.

*धर त्याचा पाय, मोड त्याचा ताव,*
*पाड त्याले, पाड त्याले, सांग आपलं गाव!*

पहिल्या ठोक्याला पोरं पिकअपकडे धावली. धूळ उठली, फोन वर गेले. पुष्पांजली पन्नास पावलांवर होती. तिला गर्दीच्या मधोमध दुर्गेश दिसला. कबड्डीतला चढाईचा गडी, गावभर थट्टामस्करी करत हिंडणारा. त्याने हात वर करून कोणाला तरी खुणावलं. मग गर्दी एकदम फाटली, जसं साप निघाल्यावर फाटते तशी, आणि मधे दुर्गेश खाली पडलेला, शुभम त्याच्यावर वाकलेला, हातात तो रॉड. एक घाव तिने डोळ्यांनी पाहिला. आधी किती झाले होते कोण जाणे.

ती धावली. "शुभम! शुभम, सोड!" तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. डीजेवाला उडी मारून पळून गेला होता आणि गाणं चालूच होतं, *पाड त्याले, पाड त्याले*, रक्त मातीत उतरत होतं तरी चालूच. तिने पदर दुर्गेशच्या डोक्याला दाबून धरला, एका बाईला तिथे बसवलं, आणि स्वतः जाऊन जनरेटरची वायर उपसून काढली. मग जी शांतता झाली तिच्यात दुर्गेशच्या आईचा, शामकलेचा आवाज आला. ती अंगणवाडीत मदतनीस होती, बांगड्या भरायला बसली होती, अर्ध्या हातात बांगड्या घेऊनच धावत आली.

शुभम पळाला नाही. रॉड टाकून तो पाळीवर बसून राहिला आणि पोलीस आले तेव्हा आपणहून गाडीत चढला.

दुर्गेशला आधी गोंदियाला आणि तिथून नागपूरला हलवलं. डोक्याचं हाड फुटलं होतं. जीव वाचेल, पण उजव्या डोळ्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. अठरा सेकंदांचा. गाण्याचा ठेका, हवेत रॉड, आणि नेमकं त्याच वेळी 'पाड त्याले'. कोणी तरी वर लिहिलं होतं, 'खैरटोल्याचं खुनी गाणं'. मोबाइलवर बातम्या देणारे दोन जण माईक घेऊन थेट संघदीपच्या दारात गेले. दुपारी त्याच्या घरावर दगड पडले. टिनाला चार खळगे आणि त्याच्या बहिणीच्या पायाला जखम.

संध्याकाळी देवचंद आला. अंगणातल्या खाटेवर बसला. पुष्पांजली दाराच्या आत उभी राहिली.

"इंद्रकुमार," तो म्हणाला, "ठानेदाराचा फोन होता. पोलीस पाटलाचा अहवाल पायजे म्हनते. सांग तुझ्या बायकोले, जे झालं ते लिहाचं. मंडई चांगली चालून राहिली होती. ते गानं लागलं अना पोट्ट्याचं डोस्कं फिरलं. सगळ्या दुनियेनं पायलं."

इंद्रकुमारने मान हलवली.

"परवा ग्रामसभा हाय. ठराव घेऊ. डीजे बंद, अना त्या संघदीपवर गुन्हा दाखल करा म्हनून. असं गानं लिहूनशान लेकरायच्या हातात हत्यार देते तो, अना जेलात जाते माहा लेक." त्याचा आवाज चिरकला. मोठा माणूस, पण दोन दिवसांत मिशी पांढरी दिसायला लागली होती. "वकील म्हनते, भडकवलं असं दिसलं तं कलम हलकं होते. तिच्या अहवालावर हाय समदं."

तो गेल्यावर इंद्रकुमार बराच वेळ तंबाखू चोळत बसला. मग म्हणाला, "लिहून टाक ना. खोटं थोडीच होय. गानं तं वाजलंच."

"वाजलं," ती म्हणाली. रॉडचं तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. ते शब्द तोंडापर्यंत यायचे आणि परत फिरायचे.

सकाळी ती शहारेंच्या घरी गेली. धानाची कापणी भरात होती, तरी सुमनबाई, संघदीपची आई, घरीच होती. विळा दाराशी ठेवलेला.

"कापनीले नाही गेल्या?" पुष्पांजलीने विचारलं.

"कोनाच्या वावरात जाऊ बाई? काल तुमच्या भासऱ्यानं निरोप धाडला, येऊ नोको म्हनून. मंग बाकीच्यायनंही तेच. बाजूच्या गावच्या बाया आनल्या." सुमनबाई रागाने बोलत नव्हती, हवामान सांगावं तसं सांगत होती. "पंधरा वर्षं रोवना-कापनी केली त्यायच्या घरी. शुभम तं माह्या मांगं-मांगं धानाच्या बांधीत फिरे."

संघदीप आत भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. पुष्पांजली समोर बसली तसा तो एकदम बोलायला लागला.

"काकू, माह्यानं झालं काय हे? खरं सांगा. मी कालपासून तेच ऐकून राहिलो. कबड्डीसाठीच लिहिलं होतं. 'पाड' म्हंजे कबड्डीतलं पाड. पन..." तो थांबला.

"पन काय?"

"मधे बंदुकीचा आवाज टाकला मी. खटॅक करून. कबड्डीत बंदूक कायले पायजे? तो आवाज टाकला तं पोट्टे जास्त ऐकते म्हनून टाकला. ऐकलंही. आधी हजार जन ऐकत, मंग लाख. मले समजत होतं ना, कायले आवडते ते."

सुमनबाई मधेच म्हणाली, "त्यानं कोनाले एक चापट नाही मारली आजवर."

"मी नाही मारली, आई. पन मी वाजवलं."

पुष्पांजलीने विचारलं, "दुर्गेशचं अना शुभमचं काही भांडन होतं काय? तुले मालूम असन."

संघदीपने आईकडे पाहिलं. मग फोन काढला, थोडा वेळ शोधलं आणि तिच्या हातात दिला.

व्हिडिओत सौंदडचा बसथांबा होता. चहाच्या टपरीसमोर शुभम उभा, आणि त्याच्यासमोर देवचंद. पोलीस भरतीचा निकाल लागला त्या दिवशीचं होतं ते. तिसऱ्यांदा शुभम सोळाशे मीटरच्या धावण्यात काही सेकंदांनी मागे राहिला होता. देवचंदचा हात उठला, शुभमच्या गालावर बसला, मान कलंडली. एकदा, दोनदा. आजूबाजूची माणसं बघत होती. आणि त्या चित्रावर दुर्गेशने संघदीपचं गाणं चढवलं होतं. थप्पड आणि 'पाड', थप्पड आणि 'पाड', ठेक्यात बरोब्बर बसवलेलं. शेवटी हसणारी तोंडं.

"दीड महिना झाला," संघदीप म्हणाला. "गावातल्या समद्या पोट्ट्यायच्या फोनमधे हाय. शुभम कुठीबी गेला का कोनीतरी हे गानं लावे. मी दुर्गेशले म्हनलं, काढून टाक. तो म्हने, मजाक होय भाऊ. मनानं वाईट नाही तो, पन त्याले थांबाचं समजत नाही."

"तू मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी त्यायच्याच घरच्या ना, काकू."

ती उठली. दारात सुमनबाईने हलक्या आवाजात विचारलं, "याले नेतीन काय हो?" पुष्पांजलीने चपला पायात घातल्या. उत्तर तिच्याच हातात होतं आणि तिला ते कळत होतं.

दुपारी ती ठाण्यात गेली. ठाणेदाराने अहवाल विचारला. उद्या देते म्हणाली, आणि पुतण्याला पाच मिनिटं भेटू द्या अशी विनंती केली. हवालदार गजापासून चार पावलं दूर उभा राहिला.

शुभम उकिडवा बसला होता. तिला पाहून उठला नाही.

"जेवला काय?"

"जेवलो."

"ते बसथांब्याचं मी आज पायलं," ती म्हणाली. "आमाले कोनाले सांगतलं काऊन नाहीस?"

"कोनाले सांगू? बाबाले?" तो हसल्यासारखा झाला. मग गजाजवळ सरकला आणि हळू बोलायला लागला. "मले मालूम होतं, मंडईत ते गानं वाजन. वाजनच. म्हनून थैलीत रॉड ठेवला."

"मारासाठी?"

"मालूम नाही. असं ठरवलं होतं, का वाजलं नाही तं मुकाट घरी जाईन. अना वाजलं, अना दुर्गेश माह्याकडं पाहून हसला, तं मंग पाहू. ते गानं लागलं का माह्या गालावर आग होते, काकू. खरोखरची. हात लावला तं गरम लागते."

"मंग? हसला तो?"

हवालदाराने घड्याळ पाहिलं.

"त्यानं हात केला मले. असा. तवा वाटलं, चिडवून राहिला. आता दोन दिवस तेच डोळ्यापुढं येते. नाचाले बलावत असन तो. मले वाटते नाचालेच बलावत होता."

पुष्पांजलीने गज धरला.

"तुमी पायलं होतं ना रॉड," तो म्हणाला.

"पायलं होतं."

"मले वाटलं, तुमी मांगाल. मी थांबलो होतो जरासा. मांगितला असता तं देऊन टाकला असता, काकू."

परतीच्या वाटेवर ती गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला बसली. दोन्ही बाजूंना पिवळं धान उभं होतं, कुठे कुठे कापलेलं. एक ट्रॅक्टर शेजारून गेला, चालवणाऱ्याने रामराम केला, तिने केला नाही. घरी येऊन तिने इंद्रकुमारला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "हे बाहेर गेलं तं तुझी नोकरी जाईन. अना भाऊ जन्मभर तोंड पाहनार नाही."

"मालूम हाय."

"मंग?"

"मंग तू सांग. त्या संघदीपले जाऊ देऊ जेलात?"

रात्री झोपताना इंद्रकुमार म्हणाला, "सभेले मी तुझ्या बाजूले बसतो."

ग्रामसभा सकाळी अकराला ग्रामपंचायतीच्या पटांगणात भरली. एरवी कोरमसाठी माणसं गोळा करावी लागायची, आज भिंतीवर पोरं चढली होती. शहारेंच्या मोहल्ल्यातली माणसं एका बाजूला घोळका करून उभी. सुमनबाईने मुलाचा दंड धरला होता. ठाण्यातून दोन शिपाई आले होते.

देवचंदने ठराव वाचला. गावात डीजे कायमचा बंद. अश्लील आणि हिंसक गाणी बंद. आणि तरुणांना भडकवल्याबद्दल संघदीप खेमराज शहारे याच्यावर गुन्हा नोंदवण्याची शिफारस.

"आमच्या काळी दंडार होती," तो म्हणाला. "मृदंग होता, गौळन होती. मानूस देवाचं नाव घेत घरी जाये. आता लेकरायच्या कानात दिवसभर काय? मार, तोड, पाड! जे कानात जाईन तेच हातात येईन ना? माहा लेक असा नव्हता. त्या गान्यानं नेला त्याले!"

लोकांनी माना हलवल्या. आयांनी जास्त. घराघरात तेच चालू होतं, कानात बोंडं घातलेली पोरं, हाक मारली तर ओ नाही. ते बोलणं सगळंच खोटं नव्हतं, म्हणूनच ते पोचत होतं.

तेवढ्यात म्हातारा बिसराम उठला. सत्तरी ओलांडलेला, दंडारीत मृदंग वाजवणारा. त्याने काठी टेकली.

"देवचंद, चाळीस वर्षं झाली असन. याच मंडईत मी मृदंग वाजवून राहिलो होतो. अना तुझ्या बापानं शेताच्या धुऱ्याच्या वादावरनं शेजारच्या सावऱ्याचं डोस्कं फोडलं होतं. माह्या समोर. तवा गौळनच चालू होती गा. मंग गौळनीवर केस टाकली होती काय कोनी?"

भिंतीवरची पोरं हसली. देवचंदचा चेहरा काळा पडला. "बुढ्या, खाली बस," कोणी तरी ओरडलं. शहारेंच्या बाजूने कोणी तरी उलट ओरडलं. एक वीट सरकल्याचा आवाज आला. शिपाई पुढे झाले. पुष्पांजलीने पाहिलं, पुढच्या रांगेतल्या दोन पोरांनी मुठी आवळल्या होत्या, आणि गाणं कुठेच वाजत नव्हतं.

ती उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने सावरला, मग हात खाली सोडला.

"भाऊजी," ती म्हणाली.

सगळं पटांगण तिच्याकडे वळलं. देवचंदने सवयीने इंद्रकुमारकडे पाहिलं. इंद्रकुमार जमिनीकडे बघत होता, पण तिच्या बाजूलाच होता.

"भाऊजी, मी तुमच्याशीच बोलून राहिली. मंडईत तीन वाजता शुभमनं थैलीतून रॉड काढला. मी पायला. तवा देवीचं गानं चालू होतं. संघदीपचं गानं मंग अर्ध्या घंट्यानं लागलं. रॉड घरून आला होता."

देवचंदच्या हातातला कागद खाली आला.

"मी पोलीस पाटील. मी तवाच रॉड मांगाले पायजे होता. नाही मांगितला, कारन तो तुमचा पोरगा होय अना मी तुमाले भेली. दुर्गेशच्या डोळ्याले मीही जबाबदार हावो. हे मी अहवालात लिहिलं हाय. आजच देनार." तिने पिशवीतला कागद वर केला.

"म्हंजे गान्याचा काहीच दोष नाही?" सरपंचाने विचारलं.

"हाय ना. नाही कशी म्हनू? ते गानं लागलं नसतं तं त्या घटकेले त्याचा हात उठला नसता, असंही असन. पन त्या गान्यात शुभमले काय ऐकू येत होतं ते पाहा." आणि तिने बसथांब्याची गोष्ट सांगितली. थप्पड, तो व्हिडिओ, दीड महिना. देवचंदचं नाव घेताना तिचा आवाज खाली गेला, पण तिने ते घेतलं. "गावानं तो पायला अना गाव हसलं. कोनाच्या फोनमधे नाही तो, त्यानं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. भिंतीवरची दोन-तीन पोरं हळूच खाली उतरली.

तेव्हा संघदीपने आईचा हात सोडवला आणि पुढे आला. "त्यात बंदुकीचा आवाज टाकला तो माहा दोष होय," तो म्हणाला. "कोनी भडकावं म्हनून नाही टाकला. पन शोभत नव्हता. ठानेदार साहेब विचारतीन तं मी हेच सांगीन." एवढं बोलून तो परत आपल्या जागी गेला.

देवचंद उभाच होता. हातातला ठरावाचा कागद त्याने दोनदा घडी केला, चारदा केला. मग सभेच्या मधून, लोकांनी वाट दिली तसा, निघून गेला. त्याच्या मागे सुभद्राबाई गेली नाही. ती बायांच्या रांगेत, तोंडावर पदर घेऊन तशीच बसून राहिली.

डीजेबंदीचा ठराव मंजूर झाला. संघदीपचं कलम खोडलं गेलं. एकमताने नव्हे, बऱ्याच हातांनी आडकाठी केली, पण खोडलं गेलं.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत बरंच काही झालं. दुर्गेश परत आला, उजवा डोळा कायमचा गेला होता. पुष्पांजली त्याच्या घरी गेली तेव्हा शामकलेने तिला बस म्हटलं नाही. तिचं बोलणं उभ्यानेच ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी खरं बोलल्या ते ऐकलं. पन माह्या पोराचा डोळा त्याच्या आधी गेला, बाई." दुर्गेश आत भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

पोलिसांनी संघदीपला दोनदा बोलावलं, फोन ठेवून घेतला, गुन्हा नोंदवला नाही. त्याने आपल्या चॅनेलवरून गाणं काढून टाकलं. पण कबड्डीच्या मैदानावर पोरं ते तोंडाने म्हणायची, ते त्याला काढता येईना. सुमनबाईला त्या हंगामात मोठ्या घरांनी कामाला बोलावलं नाही. पुष्पांजलीने आपल्या वाटणीच्या दोन एकरांची कापणी तिच्यासोबत विळा घेऊन स्वतः केली. उपविभागीय कार्यालयातून नोटीस आली, आणि मग निलंबनाचा आदेश. तो तिने घडी करून कपाटात ठेवला. अन्याय झाला असं तिला वाटलं नाही.

देवचंदच्या आणि त्यांच्या घरामधलं फाटक बंद झालं. जानेवारीत एका सकाळी ते वाजलं. सुभद्राबाई उभी होती, हातात डबा.

"भंडाऱ्याच्या जेलात भेटाले जाचं हाय. हे नेत नाही मले. म्हनते, माहा पोरगा मेला." ती पुष्पांजलीपेक्षा वयाने मोठी, पण त्या दिवशी लहान मुलीसारखी दिसत होती. "तू चालशीन?"

त्या दोघी बसने गेल्या. जेलच्या फाटकावर नाव लिहिलं, आधार दाखवलं, डबा आत घेत नाहीत म्हणून बाहेरच ठेवावा लागला. जाळीपलीकडे शुभम आला. वजन उतरलं होतं. आईला पाहून त्याच्या ओठांना काही तरी झालं. ती रडली, तो नाही. वेळ संपत आली तेव्हा त्याने विचारलं, "बाबा?"

सुभद्राबाई काही बोलणार, तोच पुष्पांजलीची नजर मागे गेली. फाटकातून दिसणाऱ्या रस्त्यापलीकडे, कडुनिंबाच्या ओट्यावर, पांढऱ्या टोपीत एक माणूस बसला होता. मोटारसायकल शेजारी. तो त्यांच्या आधीच पोचला असला पाहिजे.

ती बाहेर आली. रस्ता ओलांडला. देवचंदने तिला येताना पाहिलं आणि मान फिरवली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तो तुमाले विचारून राहिला."

तो गाड्यांकडे बघत बसला. दोन ट्रक गेले. मग त्याने खिशातून आधार कार्ड काढलं, ते बोटांनी पुसलं, उठला. गुडघ्यावर हात ठेवून उठावं लागलं त्याला. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा, मधे कोणाला न घेता, तिला विचारलं,

"कोनत्या दारानं जा लागते?"